कागदीपुरा ते ग्रंथपालाची खुर्ची : ज्ञानाच्या किल्ल्या कोणाच्या हाती?

पुण्याचा इतिहास सांगताना सुरुवात कसबा पेठेपासून करायची पद्धत आहे. शहराची ही सर्वांत जुनी वस्ती. लाल महाल सांगितला जातो, मानाचा पहिला गणपती सांगितला जातो. याच पेठेतला कागदीपुरा मात्र बहुतेकांच्या तोंडी येत नाही. तांबट आळी, कुंभारवाडा, भोई आळी या नावांवरूनच कळते की कसबा ही हाताने काम करणाऱ्यांची पेठ होती. कागदीपुऱ्यात हाताने कागद बनवणारे मुस्लिम कारागीर राहत. हातकागदाची रीत मोठी कष्टाची. चिंध्या आणि जुना ताग भिजवायचा, चुना घालून कुटायचा, हौदात त्याचा लगदा करायचा, जाळीवर एकेक ताव उचलायचा, भिंतीवर वाळवायचा, मग खळ लावून दगडाने घोटायचा. तेव्हा कुठे त्यावर बोरू सरकायचा.

आता प्रश्न असा की ज्यांनी कागद केला, त्यांच्यापैकी किती जणांनी त्या कागदावर लिहिलेले वाचले? पेशवाईत पुण्यातून दफ्तरांचे आणि पोथ्यांचे ढीग निर्माण झाले. लिहिणारे कोण, वाचणारे कोण आणि सांभाळणारे कोण, हे तुम्हाला वेगळे सांगायची गरज नाही. याच शहरात अस्पृश्यांना गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये जगासमोर मांडले. जिथे पावलाच्या ठशालाही बंदी, तिथे पोथीला हात लावायची गोष्टच नको.

हे सगळे आज सांगण्याचे कारण ग्रंथपालाची नोकरी हे आहे. हसू नका. आपल्या तरुणांपुढे करिअरची चर्चा निघाली की एमपीएससी येते, यूपीएससी येते, वकिली येते, इंजिनिअरिंग येते. ग्रंथालयशास्त्र क्वचित येते. आलेच तर 'दुसरे काही जमले नाही म्हणून बी.लिब. केले' असे येते. माझे म्हणणे असे आहे की ही नोकरी आपण दुय्यम मानली, हे आपले नुकसान आहे. ते का, हे समजायला या पेशाचा इतिहास पाहावा लागतो.

एकच साल, एकच पेठ, दोन संस्था

१८४८ साल घ्या. कसब्याला लागून असलेल्या बुधवार पेठेत त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' निघाली. तीच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. आणि त्याच पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली.

दोन्ही कामे चांगलीच. पण दोन्हींची दिशा वेगळी होती, हे ओळखले पाहिजे. लायब्ररी ज्यांना आधीच वाचता येत होते त्यांच्यासाठी होती. शाळा ज्यांना वाचू दिले गेले नव्हते त्यांच्यासाठी होती. ग्रंथालयाच्या दाराला कुलूप नसले तरी ज्याच्या हाती अक्षरच नाही, त्याला ते दार भिंतीसारखेच.

फुल्यांना हे नेमके कळले होते. १८५२ साली वेताळ पेठेत त्यांनी अस्पृश्यांसाठी शाळा काढली, आणि त्याच वर्षी त्यांनी ग्रंथालयही सुरू केल्याची नोंद त्यांच्या चरित्रांत आहे. म्हणजे शाळा आणि ग्रंथालय ही त्यांच्या दृष्टीने जोडीची गोष्ट होती. शाळा वाचायला शिकवते. पुढे काय वाचायचे आणि कोणाच्या परवानगीने, हे ग्रंथालय ठरवते. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिच्याबद्दल एक आठवण आपल्यात सांगितली जाते. मेजर कँडी शाळेत खाऊ वाटायला लागले, तेव्हा या मातंग मुलीने खाऊ नको, ग्रंथालय द्या अशी मागणी केली. आठवणीतला शब्द न् शब्द कोणी तपासून दिलेला नाही. पण समाजाने ही आठवण पिढ्यान् पिढ्या जपली, यातच सगळे आले.

पुढे १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हौदाची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवी. पण हौद आणि ग्रंथालय यांच्यात एक साम्य आहे. दोन्हीकडे कोणीतरी एक जण कडेला उभा असतो, आणि कोणाला मिळेल हे तो ठरवतो. हौदाच्या कडेला उभ्या असलेल्याविरुद्ध आपण महाडला लढलो. पुस्तकाच्या कपाटाशी उभ्या असलेल्याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही.

पुण्यातच १९०८ साली शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केले. बाबासाहेबांच्या 'मूकनायक'च्या बारा वर्षे आधी. तुमच्या गावातल्या, तालुक्यातल्या, महाविद्यालयातल्या ग्रंथालयात जा आणि या मासिकाचा एखादा अंक आहे का ते विचारा. मग 'केसरी'चे अंक विचारा. उत्तरातला फरक हाच या लेखाचा विषय आहे. कोणते कागद जपायचे आणि कोणते रद्दीत द्यायचे, हे कुठल्यातरी खुर्चीत बसून माणसेच ठरवत असतात.

बडोदा : पहिला वर्ग आणि बंद दार

ग्रंथपालाचे काम ही शिकण्याची विद्या आहे, ही कल्पना हिंदुस्थानात पहिल्यांदा रुजली ती बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावले. बॉर्डनने १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू केला. देशातला तो पहिला. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये, पेट्यांतून फिरणारी पुस्तके असे जाळे त्या संस्थानात उभे राहिले. पाठोपाठ १९१५ साली लाहोरला पंजाब विद्यापीठात आसा डॉन डिकिन्सन याने असाच वर्ग काढला.

याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. आणि करारानुसार नोकरी करायला १९१७ साली बडोद्यात परतले, तेव्हा काय झाले हे आपल्यातल्या लहान मुलालाही माहीत आहे. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना हुसकावले. कचेरीत शिपाई त्यांच्याकडे फायली लांबून फेकत. ज्या संस्थानात देशातला पहिला ग्रंथपाल वर्ग निघाला, ज्या शहरात सर्वांसाठी मोफत ग्रंथालय होते, त्याच शहराने त्या काळातल्या सर्वांत मोठ्या वाचकाला एक खोली दिली नाही. संस्था आधुनिक झाली म्हणून समाज आधुनिक होतोच असे नाही, याचा यापेक्षा धडधडीत पुरावा कोणता?

पण बाबासाहेबांनी म्हणून ग्रंथालयाकडे पाठ फिरवली नाही. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडला, त्यांनी त्याला पुस्तके दिली, आणि १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. बागेचे वाचनालय करणारा हा मुलगा कोलंबियाच्या आणि लंडनच्या ग्रंथालयांत दिवस दिवस बसला. न्यूयॉर्कमध्ये असतानाच, १९१६ साली, त्यांनी 'बॉम्बे क्रॉनिकल'ला पत्र लिहिले. सर फिरोजशहा मेहता यांच्या स्मारकाचा प्रश्न तेव्हा गाजत होता. पुतळ्यापेक्षा सार्वजनिक ग्रंथालय हे त्यांचे खरे स्मारक होईल, आणि समाजाच्या वाढीत ग्रंथालयाचे मोल काय आहे हे आपल्या लोकांना अजून उमगलेले नाही, असा त्या पत्राचा आशय होता. बाबासाहेब तेव्हा अवघे चोवीस-पंचवीस वर्षांचे होते. आज आपण चौकाचौकात पुतळ्यांसाठी वर्गणी काढतो, तेव्हा हे पत्र आठवायला हरकत नाही.

पात्रता कोणी ठरवली?

कोलंबियाचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट. जगातले पहिले ग्रंथपाल विद्यालय याच कोलंबियात १८८७ साली मेल्व्हिल ड्यूई याने काढले. पहिल्या तुकडीतल्या वीस विद्यार्थ्यांपैकी सतरा स्त्रिया होत्या. कॉलेजला ते रुचले नाही, आणि दोनच वर्षांत ते विद्यालय आल्बनीला हलले. स्त्रियांसाठी दार उघडणारा हाच ड्यूई आपल्या क्लबात ज्यू आणि काळ्या लोकांना प्रवेश देत नव्हता. त्यावरून ओरड झाली आणि त्याला राज्य ग्रंथपालपद सोडावे लागले. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २०१९ मध्ये आपल्या पदकावरून त्याचे नावच काढून टाकले.

ड्यूईने १८७६ साली काढलेली दशांश वर्गीकरण पद्धत आजही आपल्या बहुतेक ग्रंथालयांत चालते. तिच्यात धर्मासाठी २०० हा वर्ग आहे. त्यातला बहुतेक भाग ख्रिस्ती धर्माला दिलेला आणि जगातले बाकी सगळे धर्म शेवटच्या २९० मध्ये कोंबलेले, अशी मूळ मांडणी होती. बौद्ध धम्म २९४.३ वर आणि हिंदू धर्म २९४.५ वर, एकाच 'भारतीय उगमाच्या धर्मां'च्या खणात. जातिव्यवस्थेवरचे पुस्तक ३०५.५१२२ वर. आता सांगा, 'जातिप्रथेचे निर्मूलन' कुठे ठेवायचे? जातीच्या समाजशास्त्रात, हिंदू धर्माच्या टीकेत, की राजकारणात? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' बौद्ध धर्मात ठेवायचे, की 'चरित्रे' म्हणून? वाचकाला ते पुस्तक कोणत्या शेजाऱ्यांबरोबर दिसेल, हे त्या आकड्यावर ठरते. तो आकडा कोण टाकतो? ग्रंथपाल. वर्गीकरण हा निव्वळ तांत्रिक मामला आहे असे समजणाऱ्यांनी यावर विचार करावा. जातिव्यवस्था हीसुद्धा एक वर्गीकरण पद्धतच आहे, आणि वर्गीकरण करणारा कोण यावर सगळे अवलंबून असते, हे आपल्याइतके कोणाला कळणार?

भारतात या शास्त्राचे जनक म्हणून डॉ. एस. आर. रंगनाथन यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या कामाबद्दल आदरच आहे. १९२९ चा मद्रासचा प्रशिक्षण वर्ग, १९३१ ची पंचसूत्री, १९३३ ची कोलन वर्गीकरण पद्धत, १९४८ चा मद्रास ग्रंथालय कायदा, हे सारे त्यांच्या कष्टाचे फळ. पण एक गोष्ट लक्षात घ्या. १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाने त्यांना ग्रंथपाल नेमले, तेव्हा ते गणिताचे प्राध्यापक होते. ग्रंथालयाचे कोणतेही शिक्षण त्यांच्याजवळ नव्हते. मुलाखतीआधी त्यांनी विश्वकोशातला ग्रंथालयावरचा मजकूर वाचून घेतला, असे सांगतात. नेमणूक झाली, आठवड्यात कंटाळा आला, परत वर्गात जायची इच्छा झाली. मग विद्यापीठाने त्यांना लंडनला पाठवले, आणि तिथे त्यांना या विषयाची गोडी लागली. बाबासाहेब लंडनचे शिक्षण आटोपून परतले त्याच्या दुसऱ्याच वर्षी.

म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या जनकाला आधी संधी मिळाली आणि मग पात्रता आली. यात रंगनाथन यांचा दोष नाही. पण 'आधी पात्रता आणा, मग प्रतिनिधित्वाचे बोला' असे आपल्याला ऐकवणाऱ्यांना हा इतिहास सांगायला हवा. संधी, वेळ आणि विश्वास मिळाला की माणूस शास्त्र उभे करतो. तो विश्वास कोणाला मिळत आला, एवढाच प्रश्न आहे.

महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठाने १९४४ साली ग्रंथपालनाची पदविका सुरू केली. पदवीनंतरचा अभ्यासक्रम. त्या काळात आपल्या समाजात पदवीधर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्याच १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सुरू झाली. एकीकडे पात्रतेची पायरी एका इयत्तेने वर जात होती आणि दुसरीकडे बाबासाहेब त्या पायरीखाली शिडी लावत होते. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला सिद्धार्थ महाविद्यालय. राजगृह हे घर त्यांनी पुस्तके डोळ्यांपुढे ठेवून बांधले, आणि पुढे त्यांच्या संग्रहातली पुस्तके सिद्धार्थच्या ग्रंथालयाला मिळाली. स्वतःची पुस्तके विद्यार्थ्यांच्या हाती देणे, यापेक्षा मोठे ग्रंथालयशास्त्र कोणते?

पुणे विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण १९५८ साली सुरू झाले. १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. त्यातून ग्रंथालय संचालनालय आले, अ-ब-क-ड वर्ग आले, अनुदान आले. आज राज्यात हजारो मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालये आहेत. मात्र कायद्यात ग्रंथालय कर ठेवला नाही. मद्रासच्या कायद्यात तो होता. परिणाम असा की ग्रंथालये सरकारच्या अनुदानाच्या हप्त्यावर जगतात, आणि ड वर्गाच्या ग्रंथालयातला ग्रंथपाल रोजगार हमीच्या मजुरालाही लाजवेल अशा पगारात राबतो. वेतनश्रेणीसाठी व्यंकप्पा पत्की समिती नेमली गेली, तिचा अहवाल आला, आणि सेवक अजून मोर्चे काढत आहेत. सरकार दरवर्षी उत्कृष्ट ग्रंथालयाला बाबासाहेबांच्या नावाने पुरस्कार देते. नाव बाबासाहेबांचे आणि सेवकाला वेतन हजाराच्या घरात, हा विरोधाभास आपण किती दिवस पाहायचा?

आजच्या पात्रता आणि आजच्या जागा

आता तरुणांसाठी सरळ माहिती, कारण ती नीट सांगणारे आपल्यात कमी आहेत.

पदवी नसलेल्यांसाठी ग्रंथालय प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. सार्वजनिक ग्रंथालयांतल्या खालच्या जागांना तो चालतो. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर एका वर्षाची बी.लिब. आणि त्यानंतर एका वर्षाची एम.लिब. करता येते. काही विद्यापीठांत दोन वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम आहे. पुणे विद्यापीठ, एसएनडीटी, मराठवाडा विद्यापीठ इथे विभाग आहेत. नोकरी सांभाळून करायचे तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू आहे.

केंद्रीय विद्यालयाच्या ग्रंथपालाला बी.लिब. लागते, आणि वेतनश्रेणी ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. महाविद्यालयाचा ग्रंथपाल किंवा विद्यापीठाचा सहायक ग्रंथपाल व्हायचे तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार एम.लिब.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट लागते. अनुसूचित जाती-जमातींना पदव्युत्तर गुणांत ५ टक्के सवलत आहे. सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये, म्हणजे सहायक प्राध्यापकाइतकेच. नेटमध्ये या विषयाचा क्रमांक ५९. पहिला पेपर १०० गुणांचा सर्वांना समान, दुसरा २०० गुणांचा विषयाचा. पुढे पीएच.डी. असेल तर आठ वर्षांच्या अनुभवावर उपग्रंथपाल, आणि दहा वर्षांच्या अनुभवावर विद्यापीठाचा ग्रंथपाल. विद्यापीठाचा ग्रंथपाल म्हणजे लाखो पुस्तकांचा, दुर्मिळ दफ्तरांचा आणि खरेदीच्या अंदाजपत्रकाचा कारभारी.

हे वाचून वाटेल की मार्ग मोकळा आहे. नाही. मार्गात एक खड्डा आहे, आणि तो दिसत नाही म्हणून जास्त धोक्याचा.

महाविद्यालयात प्राध्यापक अनेक असतात, ग्रंथपाल एकच. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९८ साली चंदीगडच्या पीजीआय संस्थेच्या खटल्यात निकाल दिला की एकच पद असलेल्या संवर्गात आरक्षण लागू करता येत नाही, कारण ते शंभर टक्के आरक्षण होईल. ऐकायला तर्कशुद्ध वाटते. पण याचा अर्थ काय होतो ते पाहा. प्रत्येक महाविद्यालय सुटे धरले की ग्रंथपालाचे प्रत्येक पद एकाकी. प्रत्येक पद एकाकी म्हणजे प्रत्येक पद खुले. शंभर महाविद्यालये, शंभर ग्रंथपाल, आणि आपला हक्काचा बिंदू शून्य. एका संस्थेच्या सर्व महाविद्यालयांतली ग्रंथपालपदे एकत्र धरून बिंदुनामावली करायची की सुटी सुटी, या एका कारकुनी निर्णयावर आपले प्रतिनिधित्व उभे राहते किंवा मरते.

ही लढाई आपल्याला अनोळखी नाही. विद्यापीठाऐवजी विभाग हे एकक धरून १३ बिंदूंचा रोस्टर लादला गेला, तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. ५ मार्च २०१८ चे यूजीसीचे परिपत्रक, ५ मार्च २०१९ चा भारत बंद, त्यानंतरचा अध्यादेश आणि कायदा, हा सगळा ताजा इतिहास आहे. विद्यापीठ हे एकक पुन्हा मिळाले. पण त्या कायद्याची व्याप्ती केंद्रीय संस्थांच्या अध्यापक संवर्गापुरती आहे. गावातल्या अनुदानित महाविद्यालयाच्या ग्रंथपालासाठी कोणी बंद पुकारला नाही.

दुसरा प्रश्न सार्वजनिक ग्रंथालयांचा. महाराष्ट्राचा २००१ चा आरक्षण कायदा २००४ पासून लागू आहे. त्याच्या व्याख्येत शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात. मग शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या हजारो ग्रंथालयांच्या नेमणुका कोणत्या बिंदुनामावलीनुसार होतात? कार्यकारी मंडळांवर कोण आहे? माहिती अधिकाराचा एक अर्ज आणि दहा रुपयांचे शुल्क एवढ्यावर हा प्रश्न जिल्हावार विचारता येतो. हे काम कार्यकर्त्यांनी हाती घ्यावे. उत्तर आल्याशिवाय आरोप करू नये, पण उत्तर मागितल्याशिवाय गप्पही बसू नये.

'मोबाईलच्या जमान्यात ग्रंथालय कशाला?'

हा आक्षेप नेहमी येतो, आणि तो घेणारे आपलेही असतात. त्यांना पुण्याच्या पेठा दाखवाव्यात. गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. गावाकडून आलेली मुले महिन्याला पैसे मोजून एक खुर्ची, एक दिवा आणि एक प्लग भाड्याने घेतात. पुस्तक स्वतःचे आणायचे. जागेची, शांततेची आणि पुस्तकाची गरज संपलेली नाही, याचा हा पुरावा आहे. गरज राहिली आणि तिचा धंदा झाला. सार्वजनिक ग्रंथालय दुबळे झाले की वाचन संपत नाही, ते फक्त परवडणाऱ्यांचे होते. आणि परवडत नाही ते कोण, हे ओळखीचेच आहे.

संगणकाने ग्रंथपाल संपला, हेही खरे नाही. कोहा, सोल, ई-ग्रंथालय या प्रणालींवर काम करणारा, दुर्मिळ कागद स्कॅन करून त्याची नोंद करणारा, संशोधकाला नेमका दस्तऐवज काढून देणारा माणूस आज जास्त लागतो. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड राज्य सरकारने १९७९ साली काढला. पुढे खंडांची छपाई इतकी रेंगाळली की २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. छापलेले मिळत नाही तेव्हा जुनी प्रत जपणारा ग्रंथपालच उपयोगी पडतो. आपल्या चळवळीची पत्रके, जलशांची बाडे, छोट्या नियतकालिकांचे अंक घराघरांतल्या पेट्यांत वाळवी खात आहेत. ती जपण्याचे शास्त्र शिकलेली किती मुले आपल्याजवळ आहेत?

करायचे काय?

पहिले, पदवी झालेल्या आपल्या मुला-मुलींना हा पेशा पहिल्या पसंतीने सुचवा. भारत सरकारची शिष्यवृत्ती या अभ्यासक्रमालाही आहे. पुण्यातच असलेल्या बार्टीकडे ग्रंथालयशास्त्राच्या नेट-सेटचे स्वतंत्र वर्ग मागा. दुसरे, जिथे ग्रंथपालाचे पद रिक्त आहे किंवा कंत्राटावर ढकलले आहे, तिथे प्राध्यापक भरतीच्या निवेदनात ग्रंथपालाचाही मुद्दा घाला. विद्यार्थी संघटनांच्या मागण्यांत तो आजवर शेवटी येतो किंवा येतच नाही. तिसरे, एकाकी पदांच्या एकत्रीकरणाचा प्रश्न विद्यापीठाच्या मागासवर्ग कक्षापुढे आणि विधिमंडळापुढे नेटाने मांडा. चौथे, आपल्या विहारांतली कपाटे उघडा. एक दाखल नोंदवही, एक देवघेव वही, ठरलेली वेळ आणि जबाबदार माणूस एवढ्यावर विहाराचे ग्रंथालय उभे राहते. १४ एप्रिलच्या वर्गणीतला काही भाग डीजेकडे न जाता पुस्तकांकडे गेला, तर १९१६ च्या त्या पत्राचे थोडे तरी उत्तर दिल्यासारखे होईल.

आणि जे या पेशात आधीच आहेत, त्यांना एक विनंती. पुस्तक खरेदीची यादी करताना, आकडा टाकताना, रद्दीचा ढीग काढताना तुम्ही कोणाच्या बाजूने बसला आहात हे विसरू नका. तुमच्या सहीने एखादे पुस्तक पन्नास वर्षे टिकते किंवा उद्या कागदाच्या भावाने जाते.

कागदीपुऱ्यात कागद घडवणाऱ्यांना त्यावरचा मजकूर मिळाला नाही. आपल्या पणजोबांनी कातडे कमावले, वाद्या केल्या, दोर वळले. त्यांचीही कथा वेगळी नाही. बाबासाहेबांनी आपल्याला त्या कागदावर लिहायला शिकवले. आता लिहिलेले जपायचे, लावायचे आणि पुढच्या मुलाच्या हाती द्यायचे काम राहिले आहे. ते दुसऱ्यांवर सोपवून चालणार नाही. किल्ल्या मागितल्याशिवाय मिळत नाहीत, आणि मिळाल्यावर कपाट कसे उघडायचे हे शिकून ठेवावे लागते.

जयभीम!